केदारखेड्याचं गिऱ्हाईक

"याच्यासंगं चार गोल्डफिश बी टाका," गिऱ्हाईक म्हणालं आणि देवानंदच्या कपाळाची शीर उडायला लागली.

नवीन जालन्यात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं शोभेच्या माशांचं दुकान आहे. एरवी असं बोलणाऱ्याला त्याने दुकानाची पायरी उतरायला लावली असती. आजवर तीन-चार जणांना लावलीही होती. आज मात्र तो हसला, आणि हसताना दात असे आवळले की जबडा दुखला.

कारण गिऱ्हाईक केदारखेड्याचं होतं, आणि केदारखेड्याच्याच आकांक्षाचं स्थळ देवानंदला सांगून आलं होतं.

एका साखरपुड्यात दोघांची भेट झाली होती. शाळेत विज्ञान शिकवणारी ही मुलगी जेवणाची पंगत उठेपर्यंत त्याच्याशी माशांवर बोलत बसली. त्या दिवसापासून देवानंदला दुसरं काही सुचत नव्हतं. आता तिच्या घरच्यांचा होकार तेवढा यायचा होता आणि त्याआधी मुलाची चौकशी व्हायची होती. ही पद्धत कोणी काढली कोण जाणे. मुलीकडचं कोणीतरी ओळख न सांगता येतं, शेजारच्या टपरीवर चहा पितं, मुलाच्या दुकानात उगाच चार वस्तू बघतं आणि घरी जाऊन निकाल सांगतं.

देवानंदच्या आईला, केशरबाईंना, याची कुणकुण लागली होती. मुलीचे मामा एकदोन दिवसांत येतील, म्हणून त्यांनी सकाळी डबा हातात देताना बजावलं. आधीची दोन स्थळं तुझ्या रागापायी हातची गेली. आज कोणी काही बोललं तरी मान हलवायची.

मान हलवता हलवता देवानंदचा जीव जात होता.

माणूस साठीच्या पुढचा असेल. आल्या आल्या त्याने काचेवर टिचकी मारली नाही. बाजूने वाकून एकेक टाकी निवांत पाहिली आणि मग सांगितलं की तो केदारखेड्याहून आलाय, घरी पहिल्यांदाच दोन फुटांची काचेची टाकी आणलीय, तिच्यात आफ्रिकेचे सिक्लिड मासे ठेवायचेत.

तिथपर्यंत ठीक होतं. देवानंदने त्याला सगळ्यात बारके दाखवले, बोटाच्या दोन पेरांएवढे. आफ्रिकेतल्या एका मोठ्या तळ्याच्या तळाशी, गोगलगायीच्या रिकाम्या शंखात ते घर करतात. भांडतातही आपल्या शंखापुरतेच. नवख्या माणसाने एवढ्या काचेत हेच ठेवावेत, खाली वाळू आणि शंख टाकावेत, दुसरा मासा आणूच नये. पाणी बोअरचं चालतं. जालन्याचं जे पाणी नळावर पांढरा थर चढवतं, तेच या माशांना मानवतं.

सांगता सांगता देवानंदचा आवाज मऊ झाला होता. गिऱ्हाइकाने सगळं ऐकून घेतलं आणि नाक मुरडलं.

हे फारच बारके आहेत म्हणे. पाहुण्यांना दिसले पाहिजेत. म्हणून ते मोठे निळे द्या, ते पिवळे द्या, त्या पट्ट्यावाल्यांतलेही दोन द्या. त्यावर आता हे गोल्डफिश. निळा नर पहिल्याच दिवशी त्यांच्या शेपट्या कुरतडणार होता. देवानंदच्या जिभेवर शब्द आले होते, अगदी तयार. त्याने ते गिळले.

"पाणी मी जारचं टाकीन," गिऱ्हाईक पुढे म्हणालं. "बोअरचं आता पितं कोण?"

जारच्या पाण्यातले क्षार काढून टाकलेले असतात. या माशांना त्यात टाकणं म्हणजे माणसाला नुसत्या कोंड्यावर ठेवणं. पंधरा दिवसांत सगळे पोट वर करून तरंगले असते. देवानंदच्या डोळ्यांपुढे ते सगळं आलं, आणि त्याच्या मागे आकांक्षाही आली.

"चालंल, काका," तो म्हणाला.

म्हाताऱ्याने लगेच पैसे काढले नाहीत. त्याच्याकडे जरा रोखून बघितलं.

"तुम्ही जाणकार माणूस. एवढ्या काचेत राहतील ना बराबर? तुमचं काय म्हणणं?"

"तुम्हाला आवडले ना, मंग बराबरच हाये."

देवानंदला संताप आला होता. म्हाताऱ्याचा, आईचा, त्या चौकशीच्या पद्धतीचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. निळा नर त्याने स्वतः वाढवला होता, अगदी तांदळाच्या दाण्याएवढा असल्यापासून. त्यालाही त्याने जाळीत धरलं. मासा दोनदा जाळीतून निसटला. पिशव्यांत हवा भरून, रबर लावून त्याने त्या काउंटरवर ठेवल्या. तोंडावरचं हसू मात्र ढळू दिलं नाही. जमलं बुवा, असं त्याला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा तो गिऱ्हाइकापुढे शेवटपर्यंत गप्प राहिला होता.

म्हाताऱ्याने पिशव्यांना हात लावला नाही.

"मी अण्णासाहेब. आकांक्षाचा मामा."

देवानंदने जमेल तेवढं आश्चर्य दाखवलं, लगबगीने पुढे येऊन पाया पडला आणि बसायला खुर्ची पुढे केली. अण्णासाहेब बसले नाहीत.

"वीस वर्षं झाली, माझ्या घरी हेच मासे हायेत," ते म्हणाले. "पोरीला चार चांगली स्थळं आल्ती. तिनं तुमचंच नाव धरलं. म्हणली, मामा, चुकीचा मासा मागितला तर हा माणूस गिऱ्हाईक हाकलून देतो, पण मासा मरू देत न्हाई. मी तेवढंच बघायला आल्तो."