सातवा प्रश्न

कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसलेली सफाईवाली तिला बघून लगबगीने उठली. "आलात वकीलबाई? म्हटलं आज तरी कोणी येतंय की नाही."

वकीलबाई! सहा वर्षं ती या इमारतीत येत होती. कोणी तिला दुभाषी समजलं, कोणी आरोपीची बहीण. एका न्यायाधीशांनी तर तिच्या अंगात वकिलाचा कोट असताना पाण्याचा जग भरून आणायला सांगितलं होतं. तिच्या रंगाची बाई वकील असू शकते, हे आज पहिल्यांदा कोणीतरी न सांगता ओळखलं. अंगावर मूठभर मांस चढलं. 'मी तुमची नाही, तुम्हाला कामावरून काढून टाकणाऱ्या हॉटेलची वकील आहे,' हे वाक्य तोंडाशी आलं आणि तिथेच जरा रेंगाळलं.

तेवढ्यात सफाईवालीने तिचा हात धरलाही. सफाईवालीला वकील सरकारकडून मिळायचा, दर तारखेला नवा.

"आपल्यातली आहेस म्हणून सांगते, पोरी. आधीच्या तिघांना नाही सांगितलं. मॅनेजर माझ्या रंगावरून नको ते बोलला, हे अगदी खरं. पण धक्का आधी मी दिला. तो म्हणतो तसंच झालंय ते. विचारलं तर काय सांगू?"

"मी... आलेच जरा," एवढंच तिला म्हणता आलं. ती जवळजवळ पळालीच.

कोर्टाच्या दारात तिच्या फर्मचे मोठे वकील उभे होते. गोरे, साठीचे, कोणाला कधी आवाज चढवून न बोलणारे.

"आज उलटतपासणी तू घे," ते म्हणाले. "मी त्या बाईला दरडावलं तर बरं दिसणार नाही. तू विचारलंस की कोणाला बोलायला जागाच नाही."

यातल्या पहिल्या वाक्याची तिने सहा वर्षं वाट बघितली होती. प्रश्न लिहायचे तिने, विचारायचे दुसऱ्यांनी, आणि ऐकायचे तिने मागच्या खुर्चीत बसून. फर्मच्या पुस्तिकेत मात्र पहिल्या पानावर तिचाच फोटो.

"सर, आज तुम्हीच घ्या. ती बाई मघाशी मला आपली वकील समजून..."

"बोलली? काय बोलली?" सरांचे डोळे चमकले.

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. "काही नाही," ती म्हणाली. "किती वाजता सुरू होणार, विचारत होती."

सफाईवाली साक्षीला उभी राहिली तेव्हा तिला सगळं समजलं. तिचा खरा वकील आला होता आणि घाईघाईने कागद चाळत होता. वकीलबाई हॉटेलच्या टेबलाशी बसली होती. सफाईवालीने एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. रागावली असती तर बरं झालं असतं.

नाव, पत्ता, किती वर्षं काम केलं. सहा प्रश्न झाले. सातवा वकीलबाईनेच गेल्या आठवड्यात लिहिला होता, तेव्हा तो साधा वाटला होता. तिने तो गाळला आणि आठव्याला सुरुवात केली.

सरांनी कागदावर बोट ठेवलं, सातवर. वर बघून हसले. नाही विचारला तर का नाही, हे त्यांना कळणार होतं, आणि मग ती मागची खुर्ची जन्मभरासाठी. विचारला तर... तिला स्वतःचीच शरम वाटली.

"धक्का आधी कोणी दिला?" तिने विचारलं. आवाज स्वच्छ, ठाम. आरशासमोर सहा वर्षं घोटलेला.

सफाईवालीने न्यायाधीशांकडे बघितलं नाही, आपल्या वकिलाकडेही नाही.

"मघाशी सांगितलं की तुम्हाला, वकीलबाई. सांगा आता तुम्हीच."