पिवळी न झालेली खाच

तपासणीच्या प्लेटमधल्या शेवटच्या खाचेत प्रयोगशाळेच्या बाईंनी मुद्दाम जंतूचं विष घातलं होतं. बाकी कुठली नाही तरी ती खाच पिवळी व्हायलाच हवी होती. झाली नाही.

बाईंनी प्लेट खिडकीपाशी नेली आणि उजेडात तिरकी करून पाहिली. सगळ्या खाचा पाण्यासारख्या स्वच्छ. त्यांनी नवी प्लेट घेऊन सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा तेच. मग त्यांनी वॉर्डात फोन लावला. "महिनाभरातले आमचे रिपोर्ट धरू नका. ज्यांना जुलाब आहेत त्यांना औषध सुरू करा." एवढं सांगून फोन ठेवला, तरी हात फोनवरच राहिला.

तेवढ्यात दार वाजलं. दोन बायका होत्या, नणंद आणि भावजय. भावजयीची सासू, म्हणजे नणंदेची आई, गेल्या आठवड्यात याच रुग्णालयात वारली होती.

"बाई, एक विचारायचं होतं," सून म्हणाली. "आमच्या सासूबाईंना जुलाब लागले तेव्हा तुम्हीच तपासलंत. जंतूचं विष नाही म्हणालात. मग कशानं गेल्या त्या?"

"विचारायचंय काय त्यात?" नणंद मागून म्हणाली. "पाय मोडला म्हणून आलेलं माणूस पोटानं जातं होय? डबा घरून यायचा. दोन्ही वेळा."

"वन्सं, तोच डबा घरात सगळे खात होते."

"सगळ्यांचं पोट सत्तर वर्षांचं नव्हतं, वहिनी."

सुनेनं तिच्याकडे पाहिलं नाही. "बाबा आता माझ्या हातचं खात नाहीत," ती बाईंना म्हणाली. "ताट पुढे केलं की तोंड फिरवतात. दुसरं काही कारण असेल तर सांगा हो. तुमच्या तोंडून कळलं तर पटेल त्यांना."

बाईंनी दोघींना बसायला स्टुलं दिली. फ्रिजमधून करंगळीच्या पेराएवढी एक कुपी काढली.

"ही अँटिबॉडी. ते विष ओळखायचं, एवढंच हिचं काम. पहारेकरी समजा. चोराला धरलं की खाच पिवळी होते. पण पहारेकरी जागा आहे की झोपलाय, हे कसं कळणार? म्हणून दर वेळी एका खाचेत आपणच थोडं विष घालायचं. आपणच चोर पाठवायचा. तो धरला गेला, तरच बाकीच्या खाचांवर विश्वास ठेवायचा."

"मग?"

"ते विष संपत आलं होतं. नवं येईना. उरलेलं पुरवून वापरू म्हणून महिनाभर मी चोर पाठवलाच नाही. आज पाठवला." बाईंनी कुपी टेबलावर ठेवली. "पहारेकरी मेलेला आहे. कधी मेला, सांगता येत नाही."

सून ताडकन उठली. "म्हणजे त्यांना ते विष होतं!"

"असणार. पाय चिघळू नये म्हणून ज्या गोळ्या चालू होत्या ना, त्यांनी कधीकधी पोटातले चांगले जंतू मरतात. मग हा एक वाईट जंतू माजतो. पण शपथेवर नाही सांगता येणार. नमुना केव्हाच टाकून दिला. आता ते कुणालाच कळायचं नाही."

"पण डब्यानं नाही ना?"

"डब्याचा काही संबंध नाही. मी घरी येऊन सांगते तुमच्या सासऱ्यांना. चूक माझी आहे."

सून पुन्हा बसली आणि तोंडाला पदर लावून रडू लागली. गेल्या आठवड्यात ती रडली नव्हती.

नणंद कुपीकडे बघत होती. तिचा आवाज एकदम खाली आला. "यावर औषध असतं का काही?"

"असतं."

"बाहेरून मागवावं लागत असेल."

"नाही. गोळ्याच आहेत. खाली फाटकापाशी दुकान आहे, तिथं मिळतात."

"आणि त्या मिळाल्या असत्या तर आई..."

"बहुतेक जण बरे होतात," बाई म्हणाल्या.

नणंद उठली. दारापर्यंत गेली, परत आली आणि भावजयीसमोर उभी राहिली.

"वहिनी, बाबांना यातलं काही सांगू नकोस."

सुनेनं पदर खाली घेतला.

"त्याच दुकानात जायचे गं ते. रोज. पायाच्या गोळ्या तेच आणायचे, स्वतः मोजून भरवायचे तिला. हे कळलं तर ते जगायचे नाहीत." ती बाईंकडे वळली. "तुम्हीही येऊ नका घरी. हात जोडते."



"मग बाबांना काय सांगायचं?" सुनेनं विचारलं. "आई कशानं गेल्या म्हणायचं?"

नणंदेनं मान खाली घातली. भावजयीच्या खांद्यावर हात ठेवायला गेली आणि मध्येच थांबली.

सुनेनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग उठली.

"राहू दे, वन्सं," ती म्हणाली. "बाबा डबा म्हणतात, तेच राहू दे."