कापलेलं कडवं

कुणाला खरं वाटणार नाही, पण पेटीवाल्यांच्या गल्लीत मांजरंसुद्धा सुरात भांडायची. एवढं असून एकाही गाण्यात गल्लीचं नाव नव्हतं. शेजारच्या अत्तरवाल्यांच्या गल्लीवर मात्र गाण्यांमागून गाणी, आणि तिथे गाता गळा औषधालाही सापडायचा नाही. त्या गाण्यांच्या पेट्या जुळवल्या कुणी? पेटीवाल्यांच्याच गल्लीतल्या तात्यांनी.

आता रस्ता रुंद व्हायचा होता. गाण्यात नाव असलेल्या गल्ल्या तेवढ्या वाचणार, बाकीच्या पाडणार. नोंद घ्यायला पाहणीवाल्या बाई तात्यांच्या दुकानात येऊन बसल्या. मागे तात्यांची थोरली बहीण, आक्का, भात्याला सरस लावून कातडं चिकटवत होती.

"गाणं सांगा," बाई म्हणाल्या.

"कुठलंही घ्या. पेटी आमचीच."

"पेटीचं नाही हो विचारलं. गल्लीचं नाव कशात आहे?"

तात्यांच्या कपाळाची शीर उडू लागली. राबायचं आचाऱ्याने आणि फोटोत पाहुणे!

"होतं एकात," ते म्हणाले. "शेवटच्या कडव्यात. तबकडीत मावेना म्हणून कापलं मेल्यांनी."

"तुम्ही ऐकलंय?"

"इथेच, या दुकानात. तुम्ही बसलाय ना, तिथे बसून बांधलं."

"मग वाजवा बघू."

तात्या अडकले. जन्मभर पेट्या जुळवल्या, पण अख्खं गाणं एकही येत नव्हतं. येत होती फक्त एक चाल. दुरुस्त झालेली प्रत्येक पेटी ते तिच्यावर तपासून घ्यायचे. अगदी खालच्या पट्टीपासून निघायची, एकेका पट्टीला शिवून घरी परतायची. दुसरं सुचेना. त्यांनी भाता ओढला आणि बोटं आपसूक त्या वाटेने निघाली.

बाईंचं पेन थांबलं. दारावरून हातगाडी ढकलत निघालेला माणूस थबकला.

"पुन्हा वाजवता?" बाईंनी हळूच विचारलं.

तात्यांनी पुन्हा वाजवली. या खेपेला बाई लिहू लागल्या.

"चाल कुणाची?"

"फार मोठा संगीतकार होता," तात्या म्हणाले. त्यांना आता चेव आला होता. "भलभल्यांना दारात उभं करायचा. नाव तेवढं आठवत नाही."

आक्काने वर पाहिलं नाही. तिचा अंगठा कातड्यावर तसाच दाबलेला होता.

"खोटं बोलू नकोस रे," ती म्हणाली. "आई होती ती. सरस धरेपर्यंत गुणगुणायची."