लांबचा हाडवैद्य

"आठ महिन्यांत किती हाडवैद्य झाले, अ‍ॅटली?" बिशप रोमन ट्रॉयर यांनी विचारलं.

अ‍ॅटली राबर स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभा होता. बसलं की उठताना त्याच्या तोंडून जे निघायचं, ते बिशपांसमोर शोभलं नसतं. त्याने बोटं मोजली आणि सहा म्हणाला. त्याची बायको एडना कॉफी ओतता ओतता सात म्हणाली. तिने खुर्ची पुढे केली, पण बिशपही बसायला तयार नव्हते. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

अ‍ॅटलीची कंबर चार वर्षं दुखत होती. पस्तीस वर्षं वाकून धारा काढल्यावर दुसरं काय होणार! बग्गीत बसला की रस्त्यातला एकेक खड्डा मणक्यात जाणवायचा. रविवारी प्रार्थनेला आमच्या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथात पाठ नसलेल्या बाकांवर तीन तास बसतात. तिसऱ्या तासाला अ‍ॅटलीचं तोंड बघून शेजारच्यांना वाटायचं, याला आपल्या पापांचा फारच पश्चात्ताप होतोय.

उपाय थोडे नव्हते. गावातला सर्जन म्हणाला, ऑपरेशन करू, पण निम्म्यांना गुण येतो, निम्म्यांना नाही. इंजेक्शनाने तीन आठवडे बरं वाटलं, मग पुन्हा तेच. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक कागद दिला होता. तो एडनाने कपाटाच्या दाराला चिकटवला आणि अ‍ॅटली तो रोज न चुकता वाचायचा. एडनाचा घरचा लेपही होता. त्याने कंबर होती तशीच राहिली, पण घरातल्या माश्या गेल्या.

राहिले हाडवैद्य. ते लांब लांब, शेवटचा तर इंडियाना राज्यात, चार तासांवर. आमच्यात मोटार बाळगायची नाही. दुसऱ्याच्या मोटारीत बसायला हरकत नाही, पण गरजेपुरतं, मौजेसाठी नाही. तेव्हा ड्वेन नावाचा एक बाहेरचा माणूस, शाळेच्या बसवरून निवृत्त झालेला, दर गुरुवारी आपली व्हॅन घेऊन यायचा आणि अ‍ॅटलीला न्यायचा. परत आला की अ‍ॅटली शनिवारपर्यंत ताठ चालायचा.

आता खरं सांगायचं तर त्यात वैद्यांचा काडीचाही हात नव्हता. ड्वेनच्या व्हॅनची पुढची सीट बटण दाबलं की गरम व्हायची. जाता-येता ती ऊब कंबरेला लागली की अ‍ॅटलीला आपण पंचविशीत आहोत असं वाटायचं. म्हणून तर दोन मैलांवरचा हाडवैद्य त्याला पसंत नव्हता. तो खोटं कधी बोलला नाही. आराम पडतो, एवढंच सांगायचा. कुठे पडतो, ते कुणी विचारलं नव्हतं.

आज मात्र बिशप विचारायलाच आले होते. राबरला दुखणं आहे की फिरायची हौस, अशी कुजबुज चालू आहे म्हणाले.

"येत्या गुरुवारी मी बरोबर येतो. बघतो, आणि मग ठरवतो."

म्हणजे व्हॅन बंद. मग एक तर ते अर्ध्या आशेचं ऑपरेशन, नाहीतर जन्मभर बाक आणि बग्गी. अ‍ॅटलीला गुरुवारपर्यंत घास गोड लागला नाही.

गुरुवारी ड्वेनने पुढचं दार उघडलं. बिशपांना मागे बसवून आपण पुढे कसं बसणार? अ‍ॅटली मुकाट्याने मागच्या बाकड्यावर गेला. ड्वेनने सवयीने पुढच्या सीटचं बटण दाबलं, ते अ‍ॅटलीने मागून पाहिलं.

दहा मैल गेल्यावर बिशपांनी चुळबुळ केली. खालून काही गरम लागतंय का, असं विचारलं. इंजिन जुनं आहे, ड्वेन म्हणाला. तो अ‍ॅटलीच्या बाजूचा होता. त्यानंतर इंडियाना येईपर्यंत बिशप चकार शब्द बोलले नाहीत. मागून अ‍ॅटलीला त्यांची काळी हॅट तेवढी दिसत होती. ते आपल्यासाठी प्रार्थना करताहेत की रविवारचं प्रवचन जुळवताहेत, ते काही त्याला कळेना.

हाडवैद्याने अ‍ॅटलीला पालथं झोपवलं, दाबलं, पिळलं, दोनदा कडकड वाजवलं. बिशप भिंतीशी उभं राहून बघत होते.

"फरक?" त्यांनी विचारलं.

मागच्या बाकड्याने अ‍ॅटलीची कंबर पार मोडली होती. "काही नाही," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर त्याला राहवलं नाही. मागे बसल्या बसल्या त्याने सगळं सांगून टाकलं. बटण, सीट, आठ महिने. त्याला लाज वाटत होती आणि हलकंही वाटत होतं.

"दुखतं ते खरं आहे, रोमन," तो म्हणाला. "पण त्या सीटवर दुखत नाही, म्हणून मी जात होतो. तुम्ही म्हणाल ते करीन."

बघू, एवढंच बिशप म्हणाले. घर आल्यावर ते उतरले आणि मागे वळूनही न बघता झपाझप चालू लागले.

रविवारच्या प्रवचनात त्यांनी अ‍ॅटलीचं नावही घेतलं नाही. हे जास्त वाईट, एडना म्हणाली. चार लोकांत बोलले असते तर एकदाचं संपलं असतं. अ‍ॅटलीने दोन दिवस विचार केला आणि सर्जनला होकाराचं पत्र लिहिलं. निम्मे बरे होतात, त्यांतला एक मी असेन, असं त्याने एडनाला सांगितलं, पण त्याच्या आवाजात काही जोर नव्हता.

गुरुवारी सकाळी तो पत्र टाकायला काठी टेकत निघाला, तोच अंगणात हॉर्न वाजला. ड्वेनला त्याने बोलावलं नव्हतं. तरी व्हॅन उभी होती. तिच्या पुढच्या दाराची काच खाली झाली.

"मागे बस, अ‍ॅटली," बिशप आतून म्हणाले. "मिसूरीत एक चांगला हाडवैद्य आहे म्हणे. अकरा तासांवर."