तालमीत न म्हटलेली ओळ

सोमवारी संध्याकाळी आठ वाजून चार मिनिटांनी ब्रॅकनशॉ गावच्या थिएटरात न्यायाधीशाच्या वेषातला हर्बर्ट ऑग्डेन नाटकाच्या शेवटच्या दोन ओळींपैकी पहिली ओळ म्हणाला आणि थांबला.

"दोन्ही घरांची दारं आता उघडी ठेवा."

दुसरी ओळ आली नाही.

त्याच्या पायाशी दोन प्रेतं होती. एक नायिकेचं, सिबिल क्लेग, वय एकोणीस. दुसरं नायकाचं, म्हणजे कंपनीचा मालक गारसाइड, वय सत्तेचाळीस. दोघांना विष पिऊन सहा मिनिटं झाली होती.

विंगेत प्रॉम्प्टरच्या स्टुलावर हर्बर्टची बायको डोरा बसली होती. संहिता मांडीवर, बोट दुसऱ्या ओळीवर. ओळ पुटपुटायला एक श्वास पुरला असता. पण गेल्या पंधरवड्यात दुसऱ्या नाटकांत हर्बर्ट दोनदा अडला होता, आणि गारसाइडने सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "मिस्टर ऑग्डेन, यापुढे तुमच्यासाठी प्रॉम्प्टरचा आवाज एकदा जरी माझ्या कानावर आला, तर शनिवारी आपली पेटी उचलायची."

हर्बर्ट एकाहत्तर वर्षांचा होता. त्याची पेटी दुसऱ्या कुठल्या कंपनीने आत घेतली नसती.

आजचा हा पहिलाच खेळ होता, आणि त्याला ती ओळ येते की नाही, हे कोणालाच माहीत नव्हतं. पहिला खेळ प्रेक्षकांसमोर होईपर्यंत नाटकातली शेवटची ओळ कोणी उच्चारायची नाही; उच्चारली तर नाटक पडतं, हे सगळ्या कंपन्या मानतात. आठवडाभर तालमीत त्या जागी हर्बर्टने काठी दोनदा जमिनीवर आपटली होती आणि सगळे चहाला गेले होते.

काल जेवताना डोरा म्हणाली होती, "इथे कोण ऐकतंय? हळूच म्हण की एकदा."

"छत पाडायचंय का डोक्यावर? आधीच गळतंय."

ती हसली होती.

चार सेकंद झाले. पडद्याच्या दोरापाशी जॅक ऑर्मरॉड उभा होता. शेवटचा शब्द कानावर पडल्याशिवाय दोर सोडायचा नाही, असा त्याला हुकूम होता.

"अहो मिसेस ऑग्डेन, द्या ना त्यांना," तो कुजबुजला. "शाळेत पाठ केलेली ओळ आहे. अख्खी गॅलरी म्हणून दाखवेल."

"जॅक, गप्प बस."

गॅलरीत गिरणीतल्या बायकांनी संत्री सोलायची थांबवली होती. त्यांतली एक नाक ओढत होती. हर्बर्टचं थांबणं तिला अभिनय वाटलं असावं.

डोराने तोंड उघडलं. त्याच क्षणी गारसाइडने डोळा उघडला. एकच, विंगेकडचा, प्रेक्षकांना तो दिसणं शक्य नव्हतं. तो हर्बर्टकडे बघत नव्हता. तो डोराच्या ओठांकडे बघत होता.

तिने तोंड मिटलं.

आठ सेकंद. हर्बर्टने दुसरा हातही काठीवर ठेवला. पुढच्या रांगेत कोणीतरी खोकलं आणि त्याला कोणीतरी गप्प केलं.

सिबिलच्या तोंडावर केसांची बट पसरली होती. अकराव्या सेकंदाला ती बट ओठांपाशी हलली.

हर्बर्टने मान वर केली.

"आत-बाहेर करणारं कोणी उरलं नाही."

जॅकने दोर सोडला. टाळ्या पडद्याच्या जाड कापडातूनही ऐकू येत होत्या. गारसाइड उठला आणि गुडघ्यांवरची धूळ झटकत सरळ विंगेत आला.

"प्रॉम्प्ट कोणी दिला?"

"मला काय विचारता?" डोरा म्हणाली. "माझं तोंड तुम्ही बघतच होतात."

"मी ऐकलं, मिसेस ऑग्डेन."

"मेलेल्या माणसाला फार ऐकू येतं. दिसतंही."

जॅक दुसरीकडे बघायला लागला. सिबिल अजून रंगमंचावर बसून केसांतली कागदी फुलं एकेक काढत होती. तिने वर पाहिलं नाही.

"मी थांबलो होतो," हर्बर्ट म्हणाला. "लोकांना रडायला वेळ दिला."

"अकरा सेकंद?"

"बारा द्यायचे होते."

गारसाइड रंगमंचाकडे वळला. मग सिबिलला म्हणाला, "पुढच्या खेळात तू तिकडे मर. पायऱ्यांपलीकडे, पाठ करून. न्यायाधीशाच्या पायाशी मी एकटाच असेन."

"पण नाटकात आमचे हात एकमेकांच्या हातात असतात, सर."

"सोडायचे."

त्याच रात्रीचा दुसरा खेळ आठ चाळीसला होता. डोराने कपडेपटाच्या खोलीत स्टोव्हवर चहा केला. चिकटवलेली दाढी खराब होऊ नये म्हणून हर्बर्ट तो बशीतून प्यायला. दाराबाहेरून घंटा ऐकू आली. पाच मिनिटं राहिली होती.

डोराने दार लावून घेतलं.

"आता पहिला खेळ झाला. आता म्हणायला काही हरकत नाही," ती म्हणाली. "म्हण."

हर्बर्टने बशी खाली ठेवली. उठून उभा राहिला, झगा नीट केला, काठी हातात घेतली.

"दोन्ही घरांची दारं आता उघडी ठेवा," तो म्हणाला.

डोरा त्याच्या ओठांकडे बघत राहिली.

आठ चाळीसला पडदा वर गेला. तोपर्यंत त्याने दुसरी ओळ म्हटली नव्हती.