उसना विस्तव

चूल वेगळी झाल्यापासून सासू-सून बोलत नव्हत्या. आधी कोणी बोलायचं, इथेच घोडं अडलं होतं.

त्या संध्याकाळी भैयाजी बायकोला, कमळाला, मॅट्रिकचं इंग्रजी शिकवत होता. "बॉरो म्हंजे उसनं घेणं, लेंड म्हंजे उसनं देणं. घोळ नोको करू."

तेवढ्यात त्याची आई, सुगंधाबाई, खापरी घेऊन दारात आली. "कमळे, विस्तव दे वं जरासा. चूल पेटवाची हाये."

कमळाने लगबगीने खापरीत निखारे घातले. आई गेल्यावर भैयाजीने विचारलं, "आता हे काय झालं, सांग?"

"मी देल्ला, म्हंजे लेंड."

बोलता बोलता तिचं लक्ष सासूच्या स्वयंपाकघराकडे गेलं. सासू अजून अंगणातच होती, पण तिच्या कौलांतून केव्हाचा धूर निघत होता.

"चुकलं जी माहं," ती हळूच म्हणाली, "हे बॉरो. द्याले तं आत्याबाई आल्या होत्या."