एका गोळीत

वॉल्टने टेबलावर दोन रायफली मांडल्या. एक हलकी, एक चांगली दांडगी. टेक्सासमधलं हे कुरण त्याचं, बायसन त्याचे, बंदुकाही त्याच्याच. पाहुण्याने फक्त निवडायची आणि नेम धरायचा.

अरुणने उभ्या जन्मात झुरळावरही चप्पल उगारली नव्हती. पण मुलाच्या दहाव्याला फ्रिस्कोच्या घरी बॅकयार्डात पिंड ठेवला आणि कावळा काही केल्या शिवेना. ऊन कललं. शेवटी शुभाने हात जोडले, "ऋषी, इराकहून आलास की बाबांना घेऊन बायसन मारायला जाणार होतास ना? बाबा जातील रे. तुझ्या वाटची शिकार करतील. घे राजा, शीव." तेव्हा कुठे फेन्सवरून एक काळा पक्षी खाली उतरला. कावळाच होता का, ते कुणी निरखून पाहिलं नाही.

"ही हलकी घ्या," वॉल्ट म्हणाला. "बुकिंग करताना तुमच्या मुलाने बजावलं होतं मला. बाबांचा खांदा दुखतो, धक्का कमी बसेल अशी द्या म्हणून."

अरुणने हलकीवर हात ठेवला. तसाच राहू दिला.

"हिने एका गोळीत जाईल?"

"तीन तरी लागतील."

"आणि त्या मोठीने? त्याला काही कळायच्या आत?"

वॉल्टने डोक्यावरची हॅट काढली. "बायसन तसा जात नाही, सर. काळीज फुटलं तरी थोडा वेळ उभा असतो. बघत असतो." त्याने हॅट टेबलावर ठेवली. "मी व्हिएतनामला होतो. माणसालाही कळतं. घरच्यांना मात्र आम्ही सांगायचो…"



अरुणने मोठी उचलली.

"खांदा निखळेल तुमचा."

"निखळू दे."

बाहेर शुभा गाडीला टेकून उभी होती, हातात दशम्यांचा डबा.

"निवडलीत? अहो, एकाच गोळीत ना? ते आर्मीचे ऑफिसर दारात उभं राहून म्हणाले तसं. आपल्या ऋषीसारखं, काही कळायच्या आत?"

अरुणने तिच्याकडे पाहिलं.

"हो गं. काही कळायच्या आत."

"मग बरं," शुभा म्हणाली.

किती दिवसांनी तिला भूक लागली होती. डबा उघडून तिने दशमी मोडली, अर्धी त्याच्या हातावर ठेवली आणि उरलेली लहान मुलीसारखी भराभर खाल्ली.

अरुणचा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला.